किल्लारी भूकंप (१९९३) आणि आपत्तीनंतरची वैद्यकीय सेवा : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
आपत्तीचा इतिहास बहुधा मृतांची संख्या आणि पुनर्वसनाचा खर्च यांच्या आधारे लिहिला जातो. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसाला उपचार कोठे, किती वेळात आणि कोणत्या साधनांनी मिळाले, हा प्रश्न दुय्यम ठरतो. प्रस्तुत लेखात किल्लारी भूकंपाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

भूकंप आणि जखमींची स्थिती :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. शासकीय आकडेवारीनुसार सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, तर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

अशा पडझडीत हातपाय, कंबर आणि मणक्याची हाडे मोडतात. दीर्घकाळ दडपलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मातीने भरलेल्या जखमांतून धनुर्वाताचा धोका असतो. म्हणजेच शस्त्रक्रिया, भूल, रक्त, शिरेवाटे द्यावयाचे द्रव आणि धनुर्वाताची लस यांची गरज पहिल्या काही तासांतच निर्माण होते. नेमक्या याच काळात पावसाने मदतकार्यात अडथळे आणले.

सोलापूरचे स्थान :
त्या वेळी लातूर व उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जखमींना लातूर, उमरगा, आंबेजोगाई आणि सोलापूर येथील रुग्णालयांत हलविण्यात आले. सोलापूरला १९६३ पासून वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय होते व त्याच्याशी संलग्न मोठे सर्वोपचार रुग्णालय होते. उमरगा-नळदुर्गमार्गे येणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग हा या सेवेचा कणा होता. मात्र उमरग्याहून सोलापूरचे अंतरच सुमारे १०० किलोमीटर आहे. मणका मोडलेल्या जखमीसाठी जीप किंवा ट्रकमधील असा प्रवास स्वतःच एक जोखीम असते. पदवीधर डॉक्टरांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकाच गावापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता महत्त्वाचा, हा या घटनेचा पहिला धडा होय.

औषधांचा प्रश्न :
आपत्तीनंतर औषधे कमी पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेकदा नको ती औषधे फार येतात. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर सुमारे ५ हजार टन औषधे व वैद्यकीय साहित्य आले. त्यांची छाननी करण्यास ५० माणसांना सहा महिने लागले. काही औषधांची मुदत संपलेली होती, तर अनेकांवरील नावे वाचता येत नव्हती. असे अनुभव जमेस धरून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मागणी असेल तेच पाठवावे, औषधाचे मूळ नाव लिहावे आणि पुरेशी मुदत शिल्लक असावी, हे त्यांचे सार आहे. किल्लारीच्या वेळी ही तत्त्वे अस्तित्वात नव्हती.

दुसरा दुर्लक्षित घटक जुन्या रुग्णांचा. घर पडले की क्षयरोग, मधुमेह, अपस्मार वा हृदयविकार असलेल्याची गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी ढिगाऱ्याखाली जाते. त्याला जखम नसते. म्हणून तो कोणत्याही यादीत येत नाही. क्षयरोगाचा उपचार खंडित झाल्यास औषधाला दाद न देणारा रोग उद्भवू शकतो. अपंगत्व आलेले आणि एका रात्रीत कुटुंब गमावलेले यांची उपचारांची गरज तर मदतीचे तंबू उठल्यानंतरही संपत नाही.

समारोप :
२००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला व जिल्हास्तरीय प्राधिकरणांची तरतूद झाली. तथापि सोलापूर जिल्ह्याने २०२० मध्ये भीमेचा आणि २०२५ मध्ये सीनेचा पूर अनुभवला. पाण्याने वेढलेल्या गावातील इन्सुलिनचा वा डायलिसिसचा रुग्ण १९९३ चाच प्रश्न नव्या रूपात विचारतो. १९९३ मध्ये सोलापूर शेजारच्या जिल्ह्यांचा आधार होते. पुराच्या वेळी या जिल्ह्यालाच आधाराची गरज भासली. म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दीर्घकालीन रुग्णांची अद्ययावत यादी आणि निवडक औषधांचा राखीव साठा ठेवणे, हे या इतिहासातून निघणारे साधे परंतु आवश्यक कर्तव्य ठरते.