अंक बंद, खाते सुरू

१९ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनी मिळून एक निवेदन काढले. ‘ड्रॅगन’ आणि ‘डन्जन’ ही दोन मासिके सप्टेंबरच्या अंकानंतर छापली जाणार नव्हती. ‘ड्रॅगन’चा शेवटचा अंक ३५९वा, ‘डन्जन’चा १५०वा. मासिकांची मालकी विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे होती आणि तिचा युक्तिवाद सरळ होता: असा मजकूर लोक आता इंटरनेटवर शोधतात, तेव्हा तो तिथेच दिला जाईल. गेली पाच वर्षे परवाना घेऊन ही मासिके काढणाऱ्या पायझो पब्लिशिंगचा परवाना पुढे वाढवला गेला नाही. निवेदनाची भाषा कंपन्यांची असते तशी, गुळगुळीत. वाचकांना मात्र घरातलेच कोणी गेल्यासारखे झाले. कोणी संतापले, कोणी कपाटातल्या जुन्या अंकांची मोजदाद करायला बसले.

एका खेळाच्या मासिकापायी एवढा आकांत का, हे कळायला तो खेळ कसा चालतो ते पाहावे लागते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. पहिली आवृत्ती अवघी हजार प्रतींची. त्याला पट लागतोच असे नाही, आणि कोणी जिंकत-हरतही नाही. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. एक जण कथा पुढे नेतो, राक्षस उभे करतो, फाशांचे दान पाहून निकाल देतो. अर्धा कीर्तनकार, अर्धा पंच. त्याला दर आठवड्याला नवी गुहा, नवे संकट, नवे गाव हवे असते. ही भूक कधीच भागत नाही, आणि मासिके जगली ती या भुकेवर.

गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीने १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचे पातळसे नियतकालिक सुरू केले. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून ते निघे. सातच अंक निघाले, पण त्या सात अंकांत एक मोठी गोष्ट घडली. अरण्यात वावरणारा ‘रेंजर’ हा पात्रप्रकार जो फिशर नावाच्या लेखकाने दुसऱ्या अंकात लिहिला. मायावी दृश्ये उभी करणारा ‘इल्युजनिस्ट’ पीटर अ‍ॅरनसन यांनी चौथ्या अंकात. दोघेही कंपनीचे नोकर नव्हते. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, खेळाचे अधिकृत नियमपुस्तक नव्याने आले तेव्हा ही दोन्ही पात्रे त्यात पक्की होऊन बसली होती. वाचकाने अंकात लिहावे आणि ते पुढे नियम व्हावे, असा हा व्यवहार होता.

जून १९७६ मध्ये टिम कास्क यांच्या संपादनाखाली ‘द ड्रॅगन’ निघाला आणि हा व्यवहार वाढला. नियमांचे काथ्याकूट, राक्षसांची ‘जीवशास्त्रीय’ वर्णने, चित्रकथा, आणि खेळातल्या भांडणांवर निवाडा देणारे ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे सदर. ते १९७९ मध्ये जीन वेल्स यांनी सुरू केले. त्याच वर्षी एड ग्रीनवूड या कॅनडातल्या तरुणाचा पहिला लेख छापून आला. हा गृहस्थ वाचनालयात काम करी. लहानपणापासून मनात रचलेल्या एका काल्पनिक जगाचे तुकडे तो लेखांमधून टाकत गेला. वाचकांना ते जग इतके रुचले की कंपनीने ते विकतच घेतले, आणि १९८७ मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’ या नावाने बाजारात आणले. पुढे त्यावर कादंबऱ्या आणि संगणक-खेळ यांची रीघ लागली.

१९८६ मध्ये आलेला ‘डन्जन’ तर जवळजवळ पूर्णपणे वाचकांच्या साहसकथांवर चालला. ख्रिस पर्किन्स यांचे पहिले साहस १९८८ मध्ये अकराव्या अंकात आले. पुढे ते याच मासिकाचे संपादक झाले आणि नंतर अख्ख्या खेळाच्या कथांची धुरा त्यांच्याकडे गेली. म्हणजे हे मासिक नुसते वाचायचे नव्हते. वशिला नसलेल्या माणसासाठी या धंद्यात शिरायचा तो पुढचा दरवाजा होता. साहस पाठवायचे, नकाराचे पत्र घ्यायचे, पुन्हा पाठवायचे.

कंपनी बुडायला आली तेव्हाही मासिकाने तग धरला. १९९७ मध्ये टीएसआर विझर्ड्सच्या ताब्यात गेली, १९९९ मध्ये खुद्द विझर्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीने गिळले. त्याच वर्षी ‘ड्रॅगन’चे पहिले अडीचशे अंक सीडीवर निघाले आणि वाद पेटला. लेखकांचे म्हणणे होते की आम्ही एकदा छापायचा हक्क दिला होता, तबकडीचा नव्हे. कागदावरचा मजकूर पडद्यावर नेताना तो नक्की कोणाचा, हा प्रश्न २००७ च्या आठ वर्षे आधीच दारात येऊन उभा होता.

सशुल्क ऑनलाइन मासिक ही कल्पनाही नवी नव्हती. टेक्सासमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सचे ‘पिरॅमिड’ १९९३ पासून छापले जात होते. तीस अंकांनंतर, १९९८ मध्ये, ते वर्गणी घेऊन दर आठवड्याला ऑनलाइन येऊ लागले. (ब्रिटनमध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाच्या जन्माशी ज्यांचे नाव जोडलेले, ते स्टीव्ह जॅक्सन वेगळे. या हौशी जगात नावांची इतकी टंचाई का असावी कोण जाणे.) ‘पिरॅमिड’ त्या रूपात दहा वर्षे चालले, नंतर मासिक पीडीएफ झाले आणि २०१८ पर्यंत टिकले. तेव्हा पडद्यावर वाचणे किंवा त्यासाठी पैसे मोजणे, यातले काहीही या खेळाडूंना मुळात वर्ज्य नव्हते. जुन्यांचा हट्ट म्हणून २००७ च्या रागाची बोळवण करता येत नाही.

राग कशाचा होता ते पुढच्या अठरा महिन्यांत स्पष्ट झाले. ऑगस्ट २००७ मध्ये इंडियानापोलिसच्या जेन कॉन मेळाव्यात विझर्ड्सने खेळाची चौथी आवृत्ती आणि ‘डी अँड डी इनसायडर’ ही ऑनलाइन सेवा जाहीर केली. दोन्ही मासिके या सेवेत जाणार होती. सुरुवातीला मजकूर फुकट होता. २००८ च्या शरद ऋतूत त्याला वर्गणीचे कुलूप लागले. दूरस्थ खेळाडूंना एकत्र बसवणारे आभासी टेबल मोठ्या झोकात दाखवले होते, ते वेळेवर आलेच नाही. पात्रे तयार करून देणारी आज्ञावली मात्र लोकांना खरोखर आवडली. मग हुशार मंडळींनी एक महिन्याची वर्गणी भरायची, सगळे उतरवून घ्यायचे आणि खाते बंद करायचे, अशी पळवाट काढली. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने आज्ञावलीची नवी आवृत्ती फक्त संकेतस्थळावर चालेल अशी करून ती वाट बुजवली. जोवर पैसे, तोवर पात्र.

मध्यंतरी एप्रिल २००९ मध्ये आणखी एक घाव बसला. चाचेगिरीचे कारण देऊन विझर्ड्सने आपल्या सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रतींची विक्री एका झटक्यात थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला २०१३ उजाडले. छापील अंकाच्या बाबतीत असे करायला कंपनीला घरोघर फिरावे लागले असते.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही होती. अमेरिकेबाहेरच्या वर्गणीदाराला टपालखर्च भारी पडे, आणि ऑनलाइन अंक त्याला इतरांबरोबरच मिळू लागला. छपाई, कागद आणि वितरण यांचे गणित सगळ्याच मासिकांना जड जात होते. पण या हिशेबात वाचक हा फक्त गिऱ्हाईक धरला गेला. तीस वर्षे त्याने खेळात काय काय घातले, त्याचा रकाना त्यात नव्हता.

पायझोने तो रकाना ओळखला, कदाचित नाइलाजाने. दोन्ही मासिके गेल्यावर हातात वर्गणीदारांची यादी आणि देणे असलेले अंक उरले. उरलेल्या वर्गणीच्या बदल्यात कंपनीने जुने अंक, दुकानातली जमा रक्कम किंवा नव्या ‘पाथफाइंडर’ मालिकेचे खंड देऊ केले. ‘डन्जन’मध्ये लोकप्रिय झालेली सलग साहसमालिका आता महिन्याला एक, अशा छापील पुस्तकांतून येऊ लागली, पहिले पुस्तक ऑगस्ट २००७ मध्येच निघाले. चौथी आवृत्ती न रुचलेले लोकही तिकडे वळले. विझर्ड्सनेच २००० साली दिलेल्या खुल्या परवान्यामुळे जुने नियम वापरायला कायद्याची आडकाठी नव्हती. मार्च २००८ मध्ये पायझोने स्वतंत्र खेळ जाहीर केला, त्याचे कच्चे नियम वाचकांकडूनच तपासून घेतले आणि ऑगस्ट २००९ मध्ये तो बाजारात आणला. मासिके काढून घेणाऱ्या कंपनीला प्रतिस्पर्धी मिळाला तो त्याच मासिकांच्या वर्गणीदारांतून.

इतरांनीही आपापल्या चुली मांडल्या. दोन्ही मासिकांचे जुने संपादक वुल्फगांग बाउर यांनी २००७ मध्येच ‘कोबोल्ड क्वार्टर्ली’ सुरू केले. २००८ मध्ये आलेल्या ‘फाइट ऑन!’ मध्ये सत्तरच्या दशकातल्या नियमांनी खेळणारे हौशी लोक पुन्हा एकमेकांसाठी लिहू लागले. विझर्ड्सच्या ऑनलाइन ‘ड्रॅगन’ आणि ‘डन्जन’चे नवे अंक २०१३ च्या डिसेंबरनंतर थांबले. इनसायडर सेवा २०१९ च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्यावर बांधलेली पात्रनिर्मितीची साधने तिच्याबरोबर गेली.

‘ड्रॅगन’च्या शेवटच्या दोन वर्षांत ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही काडीमाणसांची विनोदी चित्रकथा येत असे. रिच बर्ल्यू ती २००३ पासून इंटरनेटवर फुकट देत होते आणि आजही कोणीही ती वाचू शकते. २०१२ मध्ये त्यांनी आपले संपलेले छापील खंड पुन्हा काढण्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५७,७५० डॉलर मागितले. महिनाभरात जवळपास पंधरा हजार लोकांनी साडेबारा लाख डॉलरच्या वर रक्कम जमा केली.