दगड रामशेजचा, नाव ओढेकरांचं

ओझर म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "अष्टविनायकातलं का?" नाही हो! ते विघ्नहराचं ओझर जुन्नर तालुक्यातलं. हे आमचं नाशिकजवळचं, निफाड तालुक्यातलं, बाणगंगेच्या काठचं. याला सगळे 'ओझर मिग' म्हणतात. १९६४ साली इथं हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला आणि गावाच्या नावाला एका रशियन विमानाचं शेपूट चिकटलं. ते मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, आता इथं तेजस तयार होऊ लागलंय, पण शेपूट काही सुटत नाही.

गंमत म्हणजे त्याआधीही गावाला शेपूट होतंच. इंग्रजांच्या काळातल्या कागदांत 'ओझर तांबट' असं नाव दिसतं. आजीच्या माळ्यावरची पितळी भांडी आठवून बघा. प्रत्येकावर नाव कोरलेलं असायचं. कुणी दिलं, कुणाला दिलं, लग्नाची तारीख, सगळं. ज्यानं ते ठोकून ठोकून घडवलं, त्या तांबटाचं नाव मात्र कधी नसायचं. हे आपल्याला कधी खटकतही नाही.

तर या दिवाळीत ओझरला नातेवाइकांकडे दोन दिवस होते, आणि एक दिवस रामशेजला जायचं ठरवलं. जानोरीवरून दिंडोरी रस्ता ओलांडायचा आणि आशेवाडी गाठायची. द्राक्षबागांचं सपाट रान मागे पडतं आणि डोंगर जवळ येतात. रामशेज, त्याच्या पलीकडे देहेरगड आणि भोरगड. मधल्या खोलगट भागात वाड्या, शेतं, आणि जिथं बघाल तिथं काळा दगड. बांधाला दगड, जोत्याला दगड, गोठ्याच्या भिंतीला दगड.

रामशेज तसा प्रसिद्ध आहे तो लढाईसाठी. संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून, हा छोटासा किल्ला औरंगजेबाच्या फौजेनं पाच वर्षांहून अधिक काळ घेता आला नाही म्हणून. ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. मी गेले होते ती दुसऱ्या एका गोष्टीसाठी. पंचवटीतल्या काळाराम मंदिराचा दगड रामशेजचा, असं नाशिकमध्ये सगळेच सांगतात.

हे मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. आकडे सांगितले जातात ते असे: रोज २,००० माणसं, १२ वर्षं काम, २३ लाख रुपये खर्च. गडावर बसून मी सहज हिशेब केला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७२ लाख दिवसांची मजुरी होते. २३ लाख त्यात भागले तर दिवसाला जेमतेम पाच आणे. आणि तेही अख्खा पैसा मजुरीतच गेला असं धरून! त्यातून दगडाची वाहतूक, चुना, कळसावरचं सोनं वजा करा. हाती काय पडत असेल?

आणि काम कसलं? आपला हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थिजलेले थर. काही थर सच्छिद्र आणि ठिसूळ, काही लोखंडासारखे टणक. देवळाला टणकच लागतो. खाणीत आधी दगड वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. मग छिन्नीनं एका रेषेत भोकं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या आणि पाळीपाळीनं घण घालत राहायचं. दगड आतून तुटत जातो आणि एका क्षणी सरळ रेषेत उकलतो. मग तो खाली उतरवायचा, गाड्यावर घालायचा आणि पंचवटीपर्यंत न्यायचा. हे बारा वर्षं!

त्या दोन हजारांपैकी एकाचंही नाव मंदिराच्या गोष्टीत येत नाही. ही तेव्हाचीच तऱ्हा म्हणावी तर नाशिकचीच त्रिरश्मी लेणी, म्हणजे आपली पांडवलेणी बघा. तिथं राजमाता गौतमी बलश्रीचं नाव आहे, नहपानाचा जावई उषवदाताचं आहे, मुगुदास नावाच्या एका साध्या उपासकाचंही आहे. सगळे दान देणारे. डोंगर कोरणारे गप्पच.

दगडाच्या कामातल्या माणसांची नावं नंतर एका ठिकाणी मात्र अगदी काळजीपूर्वक लिहिली गेली. पोलिसांच्या हजेरीत! इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. दगड फोडणारे वडार, जात्या-पाट्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारे टकारी, अशा भटक्या समाजांवर त्यातून शिक्का बसला. ज्यांनी रस्त्यांची खडी फोडली, तेच संशयित. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तेव्हापासून हे समाज 'विमुक्त'. शब्द चांगला आहे, शिक्का पुसायला मात्र फार वेळ लागतोय.

आणखी एक गोष्ट रामशेजवरून उतरताना डोक्यात आली. रामशेज दिंडोरी तालुक्यात. आणि २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या बरोबरीनं तो ज्यांनी चालवला, ते दादासाहेब गायकवाड आंबे दिंडोरीचे. म्हणजे याच तालुक्यातले. तालुक्यातला दगड गाभाऱ्यापर्यंत गेला होता, तालुक्यातल्या माणसाला दारात अडवलं गेलं. मंदिराला दरवाजे चार. चारही बंद.

परतीच्या वाटेवर हायवेला एक कुटुंब पाटे-वरवंटे, खलबत्ते मांडून बसलं होतं. मिक्सरच्या जमान्यातही मी एक छोटा खल घेतला. माणूस शेवटची टाकी मारत होता. मी म्हटलं, "दादा, यावर तुमचं नाव घाला की." तो हसला. म्हणाला, "घेणाऱ्याचं घालतात, ताई. तुमचं सांगा."

आता खाणीत सुरुंग आणि यंत्रं आली, खडी क्रशरवर होते. डोंगर किती उरले यावर नाशिकमध्ये भांडणं चालू आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. पण दगड वाजवून ओळखणारा कान आणि पाचर कुठं ठोकायची हे जाणणारा हात आपण कुठं नोंदवून ठेवलाय का?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण येताजाता म्हणतो. त्यात कौतुक सगळं घाव सोसणाऱ्या दगडाचं. घाव घालणाऱ्याला म्हणीतसुद्धा जागा नाही.

असो. तुमच्या घरी जुनं जातं, पाटा, उखळ काही असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं विचाराच, ते घडवलं कुणी? नाव कळलं तर मलाही कळवा.