ओरखडा: मोटारीच्या झळाळीचा आणि ती पुसणाऱ्या हातांचा इतिहास

मोटारीच्या रंगावरचे बहुतेक बारीक ओरखडे रस्त्यावर पडत नाहीत; ते मोटार धुताना आणि पुसताना पडतात. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या मोतद्दाराला हे पक्के ठाऊक होते. विसाव्या शतकातील मोटारमालक ते विसरला, आणि त्याच्या विस्मरणाला एक रसायन कारणीभूत झाले.

आरंभ घोडागाडीपासून करावा लागतो. बग्गीचा रंग म्हणजे जवसाच्या तेलात खललेली रंगद्रव्ये आणि त्यांवर कोपल नावाच्या राळेचे वार्निश. एकेक थर कुंचल्याने द्यायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने पाण्यात घासून सपाट करायचा आणि मग पुढचा थर चढवायचा. गाडी रंगशाळेतून बाहेर पडायला कित्येक आठवडे लागत. उत्तम प्रतीचा कोपल पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीवर जमिनीतून खणून काढला जाई आणि झांझिबारच्या पेठेत विकला जाई. त्या पेठेतील कच्छी व्यापाऱ्यांचे मुंबईशी जुने संबंध होते, त्यामुळे काही माल मुंबई बंदरातूनही पुढे जाई. लंडनच्या एखाद्या उमरावाच्या बग्गीवरील झळाळीत मुंबईच्या धक्क्याचाही अंश असू शकत होता.

इतके श्रम घेऊन चढवलेले वार्निश मात्र नाजूक असे. म्हणून गाडी धुण्याचे नियम कडक होते. चिखल वाळण्यापूर्वीच गाडी धुवावी. वाळलाच तर तो खरवडू नये, पाण्याने भिजवून सुटू द्यावा. उन्हात धुऊ नये. पाणी हात आखडून वापरू नये. चाकांचा स्पंज आणि अंगाचा स्पंज वेगळे ठेवावेत. धुऊन झाल्यावर ओले करून पिळलेल्या शॅमॉय चामड्याने पाणी टिपून घ्यावे, कारण अंगावर वाळलेला थेंब डाग ठेवून जातो. गाडी तबेल्याला लागून ठेवू नये, कारण लिदीतून निघणारा अमोनिया वार्निशला खातो. आजच्या जाणत्या मोटारधुलाईचे जवळजवळ सगळे व्याकरण या नियमांत आहे. तबेल्याचा नियम तेवढा कालबाह्य झाला.

त्या स्पंजाचीही एक कथा आहे, आणि ती सुखद नाही. तो समुद्राच्या तळाशी वाढणारा खरा स्पंज असे आणि एजियन समुद्रातील कालिम्नोस बेटाचे लोक तो काढीत. पूर्वी ते दगडाचे वजन घेऊन एका श्वासात बुडी मारीत. १८६० च्या दशकात हवा पुरवणाऱ्या नळीचा पाणबुड्या पोशाख तेथे पोहोचला आणि माणसे अधिक खोल, अधिक वेळ राहू लागली. खोलातून झटकन वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि मज्जारज्जूला इजा करतात, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. शेकडो माणसे मेली, कित्येक जन्माची पंगू झाली. कालिम्नोसच्या ‘मिखानिकोस’ या नृत्यात प्रमुख नर्तक काठीच्या आधाराने, थरथरत्या पायांनी नाचतो. तो असाच एक पाणबुड्या आहे.

मोटार आली तेव्हा तिने बग्गीचा रंग, बग्गीचे कारागीर आणि धुण्याचे नियमही वारशाने घेतले. पण कारखान्याला आठवडे परवडणारे नव्हते. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. डांबरी द्रव्यांचे ते काळे रोगण भट्टीत भाजता येई, स्वस्त असे आणि टिकाऊही. त्याच १९१४ साली डेट्रॉइटमध्ये मोटारींची पहिली ‘लाँड्री’ उघडली, असे सांगतात. तेथे यंत्र नव्हते. मोटार हाताने ढकलत एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेली जाई, एक साबण लावी, दुसरा धुई, तिसरा पुसे.

कलाटणी मिळाली ती युद्धाच्या दारूगोळ्यातून. पहिल्या महायुद्धात ड्युपाँ कंपनीने स्फोटकांसाठी प्रचंड प्रमाणात नायट्रोसेल्युलोज तयार केले होते. युद्धानंतर त्याच पदार्थापासून, जनरल मोटर्सचा संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग याच्या सहकार्याने, ‘ड्युको’ नावाचे लॅकर सिद्ध झाले. १९२३ मध्ये ते ओकलंड मोटारीवर निळ्या रंगात झळकले. फवाऱ्याने मारायचे आणि काही तासांत वाळायचे, असा हा रंग होता. आठवड्यांचे काम एखाद्या दिवसावर आले आणि रस्त्यावर रंगांची रेलचेल झाली. महाराष्ट्रातील सुतार आणि सजावटकार आजही कपाटाच्या गुळगुळीत रंगकामाला ‘ड्युको’ म्हणतात. त्या शब्दाचे कूळ हे असे बंदुकीच्या दारूपर्यंत पोहोचते.

आणि येथेच विस्मरणाला सुरुवात झाली. ड्युको वाळल्यावर आपोआप चमकत नसे. त्याला घासावे लागे, तेव्हा तो उजळे. पुढे उन्हाने त्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुरकट होई. पुन्हा घासले की मेलेला थर फडक्याला लागून येई आणि खालचा ताजा रंग उघडा पडे. फडके मोटारीच्याच रंगाचे झाले म्हणजे काम नीट झाले, असे मानले जाई. शिकागोत १९१० च्या सुमारास सुरू झालेला ‘सिमोनाइझ’ मेणाचा धंदा याच काळात फोफावला. घासणे ही काळजीची खूण ठरली. भारतात अँबॅसॅडर आणि पद्मिनीच्या जमान्यात गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्द रुळला, त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. त्या रंगांपुरती ती चुकीची नव्हती, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

यंत्रे आली तीही घासणारीच. १९५१ मध्ये सिएटलमध्ये माणसांच्या हाताशिवाय चालणारी धुलाईची रांग सुरू झाली. १९६२ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्गच्या दोघांनी उभ्या मोटारीभोवती फिरणाऱ्या ब्रशांच्या यंत्राचे पेटंट मागितले. त्या ब्रशांच्या प्लास्टिकच्या केसांत आधीच्या गाडीची वाळू अडके आणि पुढच्या गाडीवर फिरे.

१९८० च्या दशकात मोटारीचा रंग मुळातून बदलला. रंगाचा थर खाली गेला आणि त्यावर पारदर्शक थर आला, म्हणजे ‘क्लिअरकोट’. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. हा थर कारखान्यातूनच आरशासारखा येतो, भुरकट होत नाही, त्याला उजळण्यासाठी घासण्याची गरज नसते. उन्हातील अतिनील किरण अडवणारी द्रव्येही त्याच्यातच असतात. घासून ओरखडा काढायचा तर ओरखड्याच्या खोलीइतका थर कायमचा कमी करावा लागतो. बापाच्या हाताला लागलेली घासण्याची सवय मुलाच्या गाडीला मारक ठरली.

त्यात काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, आणि लोक समजतात की कोणीतरी गोल गोल पुसले. वास्तविक ओरखडे सर्व दिशांना असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे त्याला आडवे पडतात तेवढेच प्रकाश डोळ्याकडे फेकतात, म्हणून सगळा पसारा वर्तुळाकार भासतो. दिवा सरकवला की वर्तुळेही सरकतात.

ओरखडा काढणारा पदार्थ कोणता? मोह्‌सच्या काठिण्यमापनात वाळूतील क्वार्ट्झ ७ वर आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील खनिजे साधारण ५ ते ६ च्या घरात, म्हणजे खिडकीच्या काचेच्या तोलाची. क्लिअरकोट या सर्वांपुढे मऊ. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरील धुळीत बांधकामाची वाळू आणि खडी-क्रशरची कच दोन्ही असतात. अशा धुळीवर कोरडे फडके किंवा पिसांचा झाडू फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच होय.

या कोंडीतून वाट काढणारे फडके जपानमधल्या कापडधंद्याने दिले, तेही मोटारीसाठी नव्हे. तोरे कंपनीचे मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अत्यंत सूक्ष्म तंतूंपासून कृत्रिम स्वेड चामडे घडवले. त्याच वाटेवर पुढे तंतू उभे चिरून केलेली मायक्रोफायबर फडकी आली. त्यांच्या फटींत पाणी ओढले जाते आणि कण लवेच्या आत शिरतो. शॅमॉय चामडे सपाट असल्याने त्याखाली सापडलेला कण शेवटपर्यंत फरफटत जातो. अर्थात मायक्रोफायबरचे फडके जमिनीवर पडले आणि न धुता पुन्हा वापरले, तर त्या फटी वाळूची कोठारे होतात.

आता पद्धत पाहावी. आधी नुसत्या पाण्याने सैल धूळ वाहू द्यायची. मग दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची, दुसरी हातमोजा विसळण्याची. वरून खाली, सरळ रेषेत, जोर न लावता धुवायचे. चाकांसाठी वेगळे कापड. साबणाचे काम मळ काढण्याइतकेच निसरडेपणा देण्याचे आहे. शेवटी सावलीत, जाड फडके पसरून पाणी टिपायचे. बोअरवेलचे पाणी जड असेल तर घाई करायची, कारण त्यातील क्षार थेंबाच्या आकाराचे पांढरे वण ठेवतात. लंडनच्या मोतद्दाराला यात दुसरी बादली आणि मायक्रोफायबर एवढेच नवे वाटले असते.

या पद्धतीला मुबलक पाणी लागते, आणि अडचण तेथेच आहे. मुंबईच्या सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसणाऱ्या माणसाला एका गाडीमागे महिन्याचा ठरलेला मेहनताना मिळतो. त्याच्या हातात बहुधा एक बादली आणि एकच फडके असते, आणि उजाडण्यापूर्वी अनेक गाड्या उरकायच्या असतात. दहाव्या गाडीवर फिरणाऱ्या फडक्यात आधीच्या नऊ गाड्यांची कच असते. मालक ओरखड्यांसाठी त्याला बोल लावतो, दुसरे फडके मात्र आणून देत नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पाणी आटले, तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला. अशा दिवसांसाठी न विसळता पुसण्याची पॉलिमरयुक्त द्रावणे निघाली आहेत. ती धुळीचा कण वेढून निसरडा करतात आणि अर्ध्या बादलीत गाडी होते. मात्र फडक्याची प्रत्येक बाजू एकदाच वापरायची, आणि एका गाडीला पाच-सहा स्वच्छ फडकी लागतात.