नीरेकाठचा वेग आणि त्याचा आवर

निरवांगीहून निमसाखरमार्गे वालचंदनगरकडे उसाने लादलेल्या बैलगाड्यांची रांग गळिताच्या हंगामात ज्याने एकदा तरी पाहिली आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही की, गाडी ओढणे हा बैलांच्या बळाचा प्रश्न असला, तरी ओढ्याच्या उतारावर ती आवरणे हा गाडीवानाच्या कसबाचा प्रश्न असतो. चढावर तो नुसता हाकारे घालतो. उतार लागला की मात्र त्याचा आवाज बंद होतो, कासरा आखडला जातो, आणि क्षणापूर्वी भार पुढे ओढणारे तेच बैल खूर रोवून, अंग मागे रेलून, मागून रेटणारा भार आपल्या मानेवर थोपवून धरतात. वाहनाच्या इतिहासात वेगाच्या कथा पुष्कळांनी सांगितल्या. वेगाला आवर घालणाऱ्यांची दखल त्या मानाने फारच थोड्यांनी घेतली. तो इतिहास याच मुलखाच्या धाग्याने मागे नेता येतो, म्हणून येथे मांडीत आहे.

इंदापूर परगण्याचे नाव मालोजीराजांच्या काळापासून दफ्तरांत आढळते. परंतु या कोरडवाहू प्रदेशाचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले तेव्हा. कालव्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे आली, आणि त्यांच्यामागून, 1930च्या दशकात, शेठ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना कळंबच्या शिवारात उभा राहिला. वालचंदनगर हे नाव आज आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्या नावाचा धनी केवळ साखरेचा कारखानदार होता असाच पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः 1882 साली सोलापुरात जन्मलेल्या या पुरुषाने कापूस व सावकारीचा वडिलार्जित व्यवसाय बाजूस सारून लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेचे मक्ते घेतले, आणि आगबोटी, विमाने व मोटारी या तिन्ही वाहनांचे कारखाने या देशात असावेत असा ध्यास आमरण बाळगला.

भोरघाटातील रेल्वेचे बोगदे हे त्यांच्या मक्त्यांच्या काळातील एक मोठे काम. भोरघाटाचे नाव येथे मुद्दाम काढले, कारण आपल्याकडे वेग आवरण्याचे शास्त्र सक्तीने जर कोणी शिकविले असेल, तर ते या घाटाने. 1863 साली खुल्या झालेल्या या लोहमार्गावर सदतिसास एक असा उतार होता. गाडी अर्ध्या वाटेवर थांबवून, इंजिनाची दिशा बदलून, मग पुढे न्यावी लागे. उतारावर जागोजागी चढत्या अंगाच्या बगल-रुळांची योजना होती, आणि खाली येणारी गाडी पूर्ण थांबल्याची खात्री पटल्यावाचून सांधेवाला तिला मुख्य मार्ग देत नसे. बेफाम सुटलेली गाडी आपोआप त्या चढावर जाऊन तिथेच निपचित व्हावी, हा त्यातला हेतू. ज्या वाहनाचे थांबणे सिद्ध झालेले नाही, त्याला पुढे जाण्याचा परवानाच नाही, हा नियम मला त्या काळच्या सर्व अभियांत्रिकीतला सर्वांत सुज्ञ नियम वाटतो.

मोटारीच्या कारखान्यासाठी वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. दुसऱ्या महायुद्धाने आणि सरकारच्या अनास्थेने ती योजना रेंगाळली. अखेर 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. हे सहकार्य ज्या कंपनीशी जुळले तिचे ब्रेकच्या इतिहासातील स्थान मोठे आहे. 1924 साली बाजारात आणलेल्या आपल्या पहिल्याच मोटारीला क्रायस्लरने चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक दिले, ज्या काळी कित्येक मोटारींचे ब्रेक केवळ मागच्या दोन चाकांवर आणि तेही सळ्यांच्या ओढीवर चालत. पुढे 1949 साली आपल्या क्राउन इंपीरियल या शाही मोटारीला तिने एका प्रकारचे डिस्क ब्रेकही बसविले. आजच्यासारखी चकती बाहेरून चिमटीत धरणारा कॅलिपर त्यात नव्हता. बंदिस्त कवचाच्या आत दोन तबकड्या बाजूंना फाकत आणि कवचाच्या भिंतींवर घासत. ती रचना महाग ठरली, काही वर्षांत मागे पडली, आणि कुर्ल्याला आलेल्या डॉज-प्लिमथांच्या वाट्याला साधे ड्रम ब्रेकच आले.

वालचंद 1953 साली निवर्तले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी डनलॉपच्या डिस्क ब्रेकांची जग्वार मोटार सर्वांच्या पुढे आणली, आणि इंग्लंडात अभियंते लँचेस्टर यांनी 1902 सालीच पेटंट घेतलेली ही कल्पना पन्नास वर्षांच्या अज्ञातवासानंतर प्रकाशात आली. प्रतिस्पर्ध्यांचे चालक वळणापूर्वी जिथे पाय दाबू लागत, त्याच्या कितीतरी पुढे जाऊन जग्वारचे चालक निश्चिंतपणे ब्रेक लावीत. दोन वर्षांनी सित्रोएँने आपल्या नव्या मोटारीत पुढच्या चाकांना हीच व्यवस्था केली.

अमेरिकेने मात्र त्या दशकात आणि पुढच्याही दशकात आपले सारे चित्त अश्वशक्तीवर ठेवले. 1964 सालच्या पाँटियाक जीटीओपासून ज्या मोटारींना ‘मसल कार’ हे नाव रूढ झाले, त्यांत आठ सिलिंडरांचे अवजड इंजिन मध्यम आकाराच्या सांगाड्यात बसविलेले असे. 1966 साली क्रायस्लरने रस्त्यावरच्या गाडीसाठी दिलेल्या हेमी इंजिनाची जाहीर शक्ती 425 अश्वशक्ती होती. ब्रेक मात्र सामान्यतः ड्रमचेच. पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक हवे असल्यास जादा पैसे मोजावे लागत. ज्या कंपनीने 1924 साली थांबण्याला चालण्याइतकाच मान दिला, तिनेच चाळीस वर्षांनंतर तो जादा किमतीच्या यादीत लोटावा, याची मला खंत वाटते.

ड्रममध्ये नेमके काय बिघडते हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. सतराशे किलो वजनाची मोटार ताशी 160 किलोमीटर वेगावरून थांबविली, तर त्या एका थांबण्यात जी उष्णता निर्माण होते, तीत सुमारे पाच लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल; आणि शर्यतीच्या धावपट्टीवर असे प्रसंग प्रत्येक फेरीत अनेकदा येतात. ही उष्णता बंद ड्रमात कोंडते, ड्रम तापून फुगतो व आतल्या पट्ट्यांपासून दूर सरकतो, पट्ट्यांचा घर्षणगुण ढासळतो, आणि चालकाचा पाय खाली जात राहिला तरी गाडी मंदावत नाही. डिस्कच्या दोन्ही बाजू वाऱ्याला उघड्या असतात, आणि ती तापून जाड झालीच तर तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडच्या दिशेनेच फुगते, हा तिचा मोठा गुण. गुऱ्हाळावर काहिलीखालची आच राखणारा गुळव्या जसा रसाहून अधिक उष्णतेकडे लक्ष ठेवतो, तसे ब्रेकच्या जाणकाराला लोखंडाहून उष्णतेकडेच अधिक पाहावे लागते.

म्हणूनच जुन्या मसल कारला डिस्क ब्रेक बसविले म्हणजे ती धावपट्टीला योग्य झाली, हा समज चुकीचा आहे. पहिला प्रश्न पॅडच्या मिश्रणाचा : बाजारहाटाच्या मोटारीचे पॅड अतितापात हार खातात, तर निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना पकडच घेत नाहीत; जशी कामाची उष्णता, तसे पॅड. दुसरा प्रश्न ब्रेकच्या तेलाचा, आणि मला विचाराल तर सर्वांत दुर्लक्षित. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे तेल ताजे असता 230 अंशांच्या खाली उकळू नये असा नियम आहे, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांवर उतरते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबाखाली आक्रसतात, आणि पायाखालचे पेडल उशीसारखे मऊ लागते. धावपट्टीवर उतरण्यापूर्वी ताजे तेल भरून सारी हवा काढून टाकणे, यासारखा स्वस्त आणि मोलाचा उपाय दुसरा नाही. रबराच्या जुन्या नळ्याही दाबाने फुगतात. त्यांच्या जागी पोलादी तारांच्या विणीच्या नळ्या घातल्या की पेडल ताठ राहते.

वारा पोचविण्यातही मर्म आहे. मधून पोकळ असलेली डिस्क मध्यभागातून हवा खेचून परिघाकडे फेकते. म्हणून समोरच्या बंपरापासून आणलेला वायुमार्ग तिच्या मध्याशी सोडावा लागतो. एकाच बाजूवर झोत मारला तर दोन बाजूंच्या तापमानात अंतर पडते.

आणि शेवटी तोल. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकांवर झुकते, आधीच जड इंजिन पुढे असते, मागची चाके हलकी होतात; मागे दाब जास्त गेला तर ती आधी अडकतात आणि गाडीची शेपूट फिरते. पुढे डिस्क आणि मागे जुने ड्रम ठेवणाऱ्याने मागचा दाब मर्यादित करणारी झडप बसवून ती मोकळ्या जागेवर हळूहळू जुळवून घ्यावी लागते. यातच या मोटारींची एक खास अडचण दडलेली आहे : शक्ती वाढविण्यासाठी इंजिनाचा कॅमशाफ्ट बदलला की मंद गतीवर इंजिनाचे निर्वात खेचणे क्षीण होते, आणि त्याच निर्वातावर ब्रेकची मदतयंत्रणा चालते. वेग वाढवू पाहणारा हात येथे थांबविणारा हात नकळत दुर्बळ करतो, आणि हे बहुतेकांना पहिल्या वळणावर समजते.

एवढी जुळवाजुळव झाल्यावरही नव्या पॅडांना व डिस्कला क्रमाक्रमाने तापवून, त्यांच्यावर घर्षणाचा पातळ एकसारखा थर बसू द्यावा लागतो. शर्यत संपल्यावर लाल तापलेल्या डिस्कवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा डाग एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरू लागते. लोक म्हणतात डिस्क वाकली, वास्तविक बहुधा थर विषम झालेला असतो. म्हणून जाणता चालक अखेरची एक फेरी संथपणे, ब्रेकला फारसा हात न लावता, वाऱ्यावर मारतो. ओढ्याचा उतार उतरून निरवांगीच्या सपाटीला लागलेला गाडीवान जोड लगेच सोडत नसे. कासरा सैल करून, बैलांचा श्वास जागेवर येईपर्यंत, त्यांच्या बरोबरीने काही अंतर पायीच चालत असे.