तारुण्याच्या इंजेक्शनाचा इतिहास

वृषण काढून टाकले की नराचे काय होते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खच्ची केलेला गोऱ्हा माजत नाही, मुकाट्याने मानेवर जू घेतो. पण वृषणातून बाहेर काय पडते आणि ते शरीरभर पोचते कसे, याचा पहिला नेटका प्रयोग १८४९ साली प्रसिद्ध झाला. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठातले आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. दोघांचे वृषण पूर्ण काढले. ते पुढे लठ्ठ, शांत आणि फिक्या तुऱ्याचे झाले. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण पुन्हा बसवले, काहींना स्वतःचे तर काहींना दुसऱ्याचे. हे चौघे आरवले, भांडले, कोंबड्यांमागे धावले. बसवलेल्या वृषणाला नवा रक्तपुरवठा मिळाला होता, जुने मज्जातंतू मात्र तुटलेलेच होते. तेव्हा जे काही जाते ते रक्तातून जाते, असा बेर्टोल्ड यांचा निष्कर्ष होता. तो अचूक होता, तरी पुढची अनेक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

गाजावाजा झाला तो १८८९ साली पॅरिसमध्ये. शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ, वय ७२. १ जून रोजी त्यांनी जीवशास्त्र मंडळापुढे स्वतःवरचा प्रयोग मांडला. कुत्र्यांचे व गिनीपिगचे वृषण चेचून, पाण्यात कालवून, गाळून त्या रसाची इंजेक्शने त्यांनी घेतली होती. हाताची पकड त्यांनी उपकरणावर मोजली, जिने पळत चढता येऊ लागल्याची नोंद केली, लघवीची धार किती लांब जाते हेही मोजून पाहिले. सगळे आकडे वाढलेले निघाले. वृषणातले संप्रेरक पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे त्या गाळलेल्या रसात औषध असे काही नव्हते. पुढे तो रस त्याच कृतीने पुन्हा बनवून पाहिला गेला तेव्हाही तेच दिसले. वैज्ञानिकाची सगळी शिस्त पाळून माणूस स्वतःला किती फसवू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. रसाची मागणी मात्र युरोप-अमेरिकेत काही महिन्यांतच पसरली. कल्पना नवी नव्हतीच: वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, आणि बोकडाचे वृषण घालून सिद्ध केलेल्या दुधाचा उल्लेख सुश्रुतसंहितेतही आहे.

विसाव्या शतकात सुईची जागा शस्त्रक्रियेने घेतली. व्हिएन्नाचे ऑयगेन श्टायनाख यांचे म्हणणे असे, की शुक्रवाहिनी बांधली तर वृषणातल्या संप्रेरक बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि तारुण्य परतते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, कवी येट्स यांनी १९३४ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी. ही एका बाजूची नसबंदीच. जी शस्त्रक्रिया व्हिएन्नात ताकद येते म्हणून खपली, तिच्याच जातीच्या शस्त्रक्रियेने ताकद जाते ही भीती पुढे भारतातल्या कुटुंबनियोजनाला आडवी आली. दोन्ही समजुती निराधार.

पॅरिसचे सर्ज व्होरोनॉफ यांनी १९२० पासून चिंपांझी व बबून यांच्या वृषणांच्या पातळ चकत्या श्रीमंत म्हाताऱ्यांच्या अंडकोशात शिवल्या. शरीर परके ऊतक टिकू देत नाही, त्यामुळे त्या चकत्या लवकरच मरून जात. अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या मिलफर्ड गावी जॉन ब्रिंकली ७५० डॉलर घेऊन बोकडाच्या ग्रंथी बसवी आणि स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून त्याची जाहिरात करी. १९३० साली त्याचा वैद्यकीय परवाना गेला, तेव्हा गड्याने त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली.

या तमाशाच्या आडोशाला रसायनशास्त्रज्ञ चिवटपणे काम करत होते. १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी पोलिसांच्या हजारो लिटर लघवीतून जेमतेम १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे सौम्य पुरुषी संप्रेरक काढले. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून खरे संप्रेरक वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि लेओपोल्ड रुझिचका यांनी ते स्वतंत्रपणे कोलेस्टेरॉलपासून तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना विभागून मिळाले.

औषध हाती आल्यावर ते कोणाला द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. १९४४ साली हेलर आणि मायर्स या अमेरिकी डॉक्टरांनी त्यावर शहाणा मार्ग काढला. थकवा, उदासी, कामेच्छा कमी होणे अशा तक्रारींच्या पुरुषांची लघवी तपासून त्यांनी पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरके मोजली. वृषण खरोखर मंदावले असतील तर पिट्युटरी त्यांना जास्त जोराने हाकते, म्हणून ती संप्रेरके वाढलेली दिसतात. अशांना टेस्टोस्टेरॉनचा गुण आला. ज्यांची पातळी नेहमीची होती, त्यांना आला नाही. आधी मोजा मग द्या, हा धडा बाजाराने पुढे सोयीस्करपणे बाजूला ठेवला. धोक्याची सूचनाही तोवर मिळाली होती. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले, की वृषण काढले तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. म्हणजे टेस्टोस्टेरॉन या कर्करोगाला पोसत असणार, या भीतीने पुढची कित्येक दशके डॉक्टरांचा हात आखडता राहिला. तोंडाने घ्यायच्या मिथाइलटेस्टोस्टेरॉनने यकृताला इजा होई, तो अडथळा वेगळाच.

सन २००० मध्ये अमेरिकेत त्वचेवर चोळायचे जेल आले आणि ‘लो-टी’ (कमी टेस्टोस्टेरॉन) हे जाहिरातीतले नाव घरोघर पोचले. मध्यम वयापासून टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्का उतरते हे खरे; पण लठ्ठपणा, मधुमेह, अपुरी झोप आणि काही वेदनाशामके ते याहून जास्त उतरवतात. २०१० मधल्या युरोपीय पाहणीत ४० ते ७९ वयाच्या पुरुषांपैकी कमतरतेची लक्षणे आणि कमी पातळी दोन्ही असलेले फक्त २.१ टक्के निघाले.

त्याच वर्षी अशक्त वृद्धांवरची एक अमेरिकी चाचणी हृदयाच्या तक्रारी वाढल्याने मध्येच थांबवावी लागली. २०१५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने वेष्टनावर हृदयविकार व पक्षाघाताचा इशारा छापायला लावला. ६५ वर्षांवरील सुमारे ७९० पुरुषांवरच्या २०१६ च्या चाचण्यांत कामेच्छा माफक सुधारली, उत्साहात विशेष फरक पडला नाही. २०२३ साली ५,२०० हून अधिक पुरुषांवरच्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात औषध घेणाऱ्यांत जास्त आढळले नाहीत. मात्र हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाची तातडीची इजा जास्त दिसली. हाडे मोडण्याचे प्रमाणही, अपेक्षेच्या उलट, वाढलेले निघाले.

याखेरीज रक्त दाट होते. म्हणून उपचार चालू असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवतात. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की पिट्युटरी वृषणांना हाक देणे सोडते आणि शुक्राणू घटतात. मूल हवे असलेल्याला हे इंजेक्शन उलटेच पडते. जेल लावलेल्या अंगाचा स्पर्श होऊन लहान मुलांत अकाली लैंगिक बदल दिसल्याने २००९ मध्ये त्यावरही इशारा आला. निदानासाठी सकाळच्या वेळी रक्त घेऊन, किमान दोनदा पातळी कमी आली आणि सोबत लक्षणे असली, तरच उपचार सुरू करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हृदयविकाराचा इशारा वेष्टनावरून काढायला सांगितला आणि रक्तदाबाचा घालायला लावला. केवळ वयामुळे उतरलेल्या पातळीसाठी या औषधाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, ही ओळ त्यांनी तशीच ठेवली.