पान्हा: वासरापासून सुईपर्यंत

नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीच्या दोन्ही काठांनी निघालेले कालवे आणि १९१६ मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण यांमुळे कोपरगाव तालुका उसाचा झाला. उसाबरोबर वाढे, म्हणजे त्याचे हिरवे शेंडे, आले, वाढ्यांवर जनावरे पोसली गेली, आणि पुढे सहकारी दूध संघाच्या काळात घरापुरते असलेले दूध दोन्ही वेळा मापून, फॅट पाहून विकले जाऊ लागले.

या व्यवहाराआधीचा गोठ्यातील रिवाज वासराभोवती फिरणारा होता. गावरान गाय वासरू लुचल्याखेरीज सहसा धार देत नाही, म्हणून ते आधी सोडायचे, कास भरून आली की ओढून तिच्या नजरेसमोर बांधायचे, आणि वासरू दगावल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायचे, असा क्रम असे. याचे कारण संप्रेरकांत, म्हणजे ग्रंथींतून थेट रक्तात उतरून दूरच्या अवयवांवर काम करणाऱ्या रसायनांत आहे: सडाला स्पर्श होताच मज्जातंतूंवाटे मेंदूला संदेश जातो, मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ऑक्सिटोसिन सोडते, आणि त्याच्या प्रभावाने दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून दूध खाली उतरते. हा प्रभाव काही मिनिटेच टिकतो; भ्यालेल्या गाईत अ‍ॅड्रेनलिन त्याला अडवते, आणि गाय पान्हा चोरते.

हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पोष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले, ऑट व स्कॉट यांनी १९१० मध्ये त्याच अर्काने शेळीचे दूध उतरते हे पाहिले, आणि विन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिनचा नऊ अमिनो आम्लांचा रेणू १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडवून १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे हे औषध स्वस्त होताच गोठ्यांतही शिरले, कारण विक्रीच्या हिशेबात वासराने प्यालेला प्रत्येक घोट तोट्याचा ठरू लागला. त्याआधी शहरी तबेल्यांत फुंक्याची, म्हणजे जनावराच्या योनीत हवा फुंकून पान्हा काढण्याची क्रूर पद्धत होती. गांधीजींनी दूध सोडले त्यामागे तिची चीडही होती. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने (१९६०) फुंका दंडनीय ठरवला, आणि १९८२ च्या दुरुस्तीने दूध वाढवण्यासाठी दिलेली, जनावराला अपायकारक इंजेक्शनेही त्याच कलमात आली.

वस्तुतः सुई दूध निर्माण करत नाही, साठलेले तेवढे उतरवते. प्यायलेल्या दुधातून हे संप्रेरक माणसाला बाधते ही भीतीही फारशी टिकत नाही, कारण तो प्रथिनासारखा रेणू पचनात मोडतो. खरी हानी जनावराची होते, कारण नेहमीच्या सुईची सवय लागलेली गाय तिच्याविना पान्हावेनाशी होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये गोठ्यातील गैरवापराचे कारण देऊन देशातील वापरासाठीचे खासगी उत्पादनच बंद करून ते एकाच सरकारी कंपनीकडे सोपवण्याचा आदेश काढला. बाळंतिणींच्या जिवाशी गाठ असलेल्या औषधाबाबत हा उपाय रोगापेक्षा जड होता, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला.