नऊ तास

मुंबई ते लंडन साधारण बहात्तरशे किलोमीटर, विमानाने नऊ-दहा तास. दादा पहिल्यांदा गेला तेव्हा बाबांनी हे आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. "नऊ तास म्हणजे काय, रात्री बसला की सकाळी हजर," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आमच्या देवळाली कॅम्पला विलायतेचं अंतर मोजायची सवय फार जुनी. १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी इथे छावणी टाकली ती सैनिकांच्या मुक्कामासाठी. बोटीने मुंबईला उतरलेले गोरे सोल्जर आधी इथे यायचे, आणि नोकरीची मुदत संपलेले घरी जाण्याआधी इथेच येऊन थांबायचे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे झाली आणि मुंबई जवळ आली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, आफ्रिकेचा वळसा वाचला, आणि महिनोन्‌महिन्यांचा प्रवास महिन्याभरावर आला.

पण गंमत पुढेच आहे. सैनिकांच्या बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली तो बसला इथे, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत! काम नाही, उन्हाळा, मग पावसाळा, हिवताप आणि दारू. काहींची डोकी फिरली. त्याला सोल्जरांनी नाव दिलं 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप! पुढे ताप गळून गेला आणि नुसतं 'डूलाली' उरलं. आजही इंग्रजीत त्याचा अर्थ वेडसर असाच होतो. आमच्या गावाचं नाव जगात गेलं ते असं. असो.

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. त्याचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. सोल्जरांची ने-आण करणाऱ्या जुन्या बोटींतही एक 'मलबार' होती. योगायोगच, पण मला आवडतो.

बाबा गेले तेव्हा दादाला लगेच फोन केला. मिळालं ते विमान सुटायला चौदा तास होते. मग हवेतले नऊ. मुंबईला बाहेर पडेपर्यंत दीड. टॅक्सीने देवळाली एरवी साडेचार तास, पण कसारा घाटात ट्रक आडवा झालेला, त्यात आणखी दोन गेले. एकूण एकतीस. तेवढा वेळ आम्ही बाबांना बर्फावर ठेवलं होतं. भटजी दोनदा येऊन विचारून गेले. आई दर थोड्या वेळाने म्हणायची, "नऊच तास ना रे?"

तेरावं झाल्यावर दादा परत निघाला. टॅक्सी वळल्यावर आईने विचारलं, पोचायला किती वेळ लागेल? मी म्हटलं, नऊ-दहा तास.